हिरोजच्या पुढच्या भागात लढाई कशी असावी? (आणि त्या एकट्या भालेवाल्याचं काय करायचं?)

मिरजेचा_मिनोटॉर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

मी 2001 पासून हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक 3 हा पाळीपाळीने चाल करायचा कॉम्प्युटर गेम खेळतोय. मिरजेला मामाकडे एकच कॉम्प्युटर होता. मी आणि मामेभाऊ आळीपाळीने माऊस धरायचो. एकाची चाल चालू असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं, असा कडक नियम. सीडी कुठून आणली होती ते विचारू नका. लाईट जायची वेळ साधारण ठरलेली असायची, त्यामुळे पावणेसातला लढाई सुरू करायची नाही हा दुसरा नियम. आता तो हिंजवडीत, मी नाशकात, दोघांचंही कपाळ मागे सरकलंय. पण महिन्यातली एक शनिवारची रात्र या खेळाला राखून ठेवलेली आहे, घरच्यांनीही ते मान्य केलंय.

2024 मध्ये मालिकेच्या नव्या भागाची, ओल्डन एराची, घोषणा झाली तेव्हापासून आमच्यात एकच वाद चालू आहे: या मालिकेच्या पुढच्या भागांत लढाईत नेमकं काय सुधारायला हवं? शहरं, नकाशा, संगीत सगळं बाजूला ठेवा. मी फक्त त्या 15 बाय 11 षटकोनांच्या मैदानाबद्दल बोलतोय.

माझी तक्रार एका भालेवाल्याबद्दल आहे. ज्यांनी खेळलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सैन्यात सात जागा. प्रत्येक जागेवर एकाच जातीच्या सैनिकांचा एक स्टॅक, मग त्यात 1 असो की 500. तुम्ही कोणावर हातघाईचा वार केला की तो उलटा फटका देतो, पण एका फेरीत एकदाच. इथेच सगळी ग्यानबाची मेख आहे.

हिशोब बघा. समोर मिनोटॉर (बैलाच्या डोक्याचे राक्षस) आहेत. माझ्या क्रुसेडरांनी घाव घातला आणि 20 मिनोटॉर शिल्लक राहिले. (क्रुसेडर दोनदा मारतो, पण उलटा फटका पहिल्या घावानंतरच येतो, म्हणून दुसरा घाव सध्या सोडून द्या.) मिनोटॉरचा मार 12 ते 20, म्हणजे सरासरी 16. हल्ला 14. माझ्या हिरोचा (सैन्याच्या सरदाराचा) बचाव 2 धरला तर क्रुसेडरचा बचाव 12 अधिक 2, म्हणजे 14. बरोबरी, म्हणजे मार कमीही नाही, जास्तही नाही. 20 गुणिले 16, एकूण 320. क्रुसेडरचा जीव 35. म्हणजे 9 क्रुसेडर गेले. किंमत 9 गुणिले 400, म्हणजे 3600 सोनं. आणि सोनं मिळेलही हो, पण शहरात किल्ल्याची भर घातलेली नसेल तर तलवारवाले (ज्यांचे पुढे क्रुसेडर होतात) आठवड्याला 4 च मिळतात. दोन आठवड्यांची भरती एका फटक्यात साफ.

आता हुशारी. क्रुसेडरांना 'वेट' द्यायचं, म्हणजे त्यांची पाळी मागे ढकलायची. आधी एक, फक्त एक, भालेवाला पुढे पाठवायचा. तो मिनोटॉरला टोचतो, 20 च्या 20 मिनोटॉर त्या एका बिचाऱ्यावर तुटून पडतात, तो मरतो. फेरीतला उलटा फटका संपला. मग क्रुसेडर जाऊन निवांत दोन्ही घाव घालतात. खर्च 60 सोनं.

20 मिनोटॉर मिळून एका माणसाला मारतात आणि दमतात! लहानपणी हे शोधून काढलं तेव्हा आम्ही दोघं घरभर नाचलो होतो. आज चाळिशीत मला ते कारकुनी काम वाटतं. प्रत्येक लढाईआधी सैन्य फोडा, एकएकटे भालेवाले जागोजागी लावा, लढाई झाली की पुन्हा गोळा करा. डावपेच म्हणावं तर तो एकच, आणि तो 25 वर्षं तोच आहे.

मालिकेने यावर प्रयत्न केले नाहीत असं नाही. 2002 च्या चौथ्या भागात वार आणि उलटा फटका एकाच वेळी पडायचे, शिवाय हिरो स्वतः मैदानात उतरायचा. आम्हाला तेव्हा आवडलं नव्हतं. आज वाटतं की कल्पना वाईट नव्हती, बाकीचा खेळ कच्चा होता. 2006 च्या पाचव्या भागात चपळाईनुसार पाळी लवकर-उशिरा यायची, चौकोनी मैदान आलं. तो मला आवडला, मामेभावाला नाही.

तर प्रश्न असा: तुम्ही नवा भाग बनवत असाल तर उलट्या फटक्याचा हा नियम कसा बदलाल? 'बदलू नका' हेही उत्तर चालेल, पण कारण द्या.

---

लायब्ररीतला_लिच

कारण देतो. बदलू नका!

अरे, तू ज्याला कारकुनी म्हणतोस तो या खेळाचा आत्मा आहे. पहिल्या आठवड्यात तुझ्याकडे मूठभर सैन्य असतं आणि त्यात एकही माणूस न गमावता ग्रिफिनांचा अड्डा फोडायचा असतो. ते कसं करायचं? ग्रिफिन दोनदा उलटा फटका देतो, रॉयल ग्रिफिन तर कितीही वेळा. म्हणजे तुझी भालेवाल्याची युक्ती तिथे चालतच नाही, दुसरं काहीतरी शोधावं लागतं. नागा, हायड्रा, व्हँपायर लॉर्ड यांना उलटा फटका बसतच नाही. म्हणजे खेळ बनवणाऱ्यांना हा नियम पूर्ण ठाऊक होता आणि त्यांनी अर्धे प्राणी त्या नियमाभोवतीच रचले. तू ती वीट काढलीस तर वरचा मजला कोसळेल.

आणि एक जण पुढे करून त्याच्या जिवावर बाकीचे वाचवणं यात तुला न पटण्यासारखं काय आहे? बुद्धिबळात प्यादं देतातच की.

मला विचारशील तर खरा रोग 'स्लो' हा मंत्र आहे. पहिल्या पातळीचा स्वस्त मंत्र, पण भूमिविद्येत एक्स्पर्ट झालास की समोरच्या जवळपास सगळ्या सैन्याचा वेग निम्मा. त्यानंतर लढाई राहतच नाही, निशाणेबाजीचा सराव होतो. पुढच्या भागात हा मंत्र सगळ्यांवर एकदम चालू नये एवढं एक केलं तरी मी लाडू वाटेन.

---

गोधडी

मी तुमच्या दोघांच्या पिढीतली नाही आणि हिरोज 3 ची भक्तही नाही, त्यामुळे जरा बाहेरून बोलते.

मिनोटॉरदादा, तुमची अडचण उलट्या फटक्याची नाहीच. जागा सात आणि फोडायला मोकळीक, ही अडचण आहे. एकाचा स्टॅक आणि पाचशेचा स्टॅक दोघांनाही तीच एक जागा, तीच एक पाळी. त्यामुळे रिकामी जागा भरायला एकटा भालेवाला फुकट मिळाल्यासारखा आहे.

साँग्स ऑफ कॉन्क्वेस्ट खेळून बघा. स्वीडनच्या लाव्हापोशनने केलाय, 2024 ला पूर्ण झाला. तिथे प्रत्येक जातीच्या स्टॅकला कमाल मर्यादा आहे, त्यामुळे 500 चा ढीग होतच नाही. किती स्टॅक न्यायचे हे हिरोच्या 'कमांड'वर ठरतं, म्हणजे जागा ही कमवायची गोष्ट आहे. तिथे एकटा भालेवाला बसवला तर तुमचीच एक चांगली जागा वाया जाते. शिवाय शत्रूला चिकटून उभे असताना तिथून निसटायला गेलात तर जाता जाता फटका बसतो. उंचवट्यावरच्या तिरंदाजाला फायदा मिळतो. आणि मंत्रांची शक्ती हिरोच्या खिशातून येत नाही, मैदानावरच्या सैनिकांतून प्रत्येक फेरीत तयार होते. कोणते सैनिक आणले यावर कोणते मंत्र परवडणार ते ठरतं. मला ही गोष्ट सगळ्यात जास्त भावली. लिचकाका, तुमच्या स्लोचा रोग तिथे आपोआप आटोक्यात येतो.

बाकी खरं सांगू? मला कंटाळा पन्नासाव्या लढाईचा येतो, जिच्यात आपण जिंकणार हे आधीच माहीत असतं. एज ऑफ वंडर्स 4 मध्ये लढाई कॉम्प्युटरवर सोपवता येते, आणि निकाल पाहून पोटात गोळा आला तर तीच लढाई पुन्हा हाताने लढता येते. माझ्यासाठी पुढच्या भागातली सर्वात मोठी सुधारणा हीच. पण ती डावपेचांत मोडत नाही म्हणाल.

---

अर्धविराम

पोटापाण्यासाठी प्रोग्रामिंग करतो (खेळांचं नाही, विम्याचं. हसू नका).

लिच यांचा मुद्दा बरोबर आहे, नियम काढला तर प्राण्यांचे विशेष गुण लटकतात. गोधडीताईंचाही बरोबर आहे, पण स्टॅकवर मर्यादा घातली की ते हिरोज राहत नाही. हजारभर सांगाडे घेऊन फिरण्याचा आनंद गेला तर लिच यांना आयडी बदलावा लागेल.

म्हणून एक मधली वाट सुचवतो. सध्या खेळ काय लक्षात ठेवतो? 'या स्टॅकने या फेरीत फटका दिला का: हो किंवा नाही.' त्याऐवजी आकडा लक्षात ठेवा: 'या स्टॅकमधल्या किती जणांनी फटका दिला.' समोरच्याला मारायला जितके लागले तितकेच खर्च झाले. उरलेले अजून ताजे.

तुमच्याच हिशोबावर लावून बघतो. भालेवाल्याचा बचाव 5, हिरोचे 2, एकूण 7. मिनोटॉरचा हल्ला 14. सात गुणांची आघाडी, प्रत्येक गुणाला 5 टक्के, म्हणजे 35 टक्के जादा मार. 16 चे झाले 21.6. भालेवाल्याचा जीव 10. म्हणजे एक मिनोटॉर दोन भालेवाले सहज उडवतो.

एकटा भालेवाला पाठवला: 1 मिनोटॉर खर्च, 19 ताजे. क्रुसेडरांवर मार 304, मेले 8. एकूण तोटा 60 अधिक 3200.

15 भालेवाले पाठवले: 7 मिनोटॉर खर्च, 13 ताजे. मार 208, मेले 5 क्रुसेडर. तोटा 900 अधिक 2000.

30 पाठवले: 14 खर्च, 6 ताजे. मार 96, मेले 2. तोटा 1800 अधिक 800.

काहीच नाही पाठवलं तर 3600.

म्हणजे 3600, 3260, 2900, 2600. प्यादं द्यायची मुभा राहिली, पण ते प्यादं आता खरोखरचं द्यावं लागतं. भालेवाले आठवड्याला 14 मिळतात. तेव्हा '30 भालेवाले आज खर्च करू की पुढच्या शहरासाठी ठेवू' हा प्रश्न मैदानावरच पडतो.

एक धोका आधीच सांगतो: प्रत्येक स्टॅकखाली आता दोन आकडे दाखवावे लागतील. हिरोज 3 चं अर्धं सौंदर्य हे की एक नजर टाकली की सगळं कळतं. ते बिघडू शकतं.

---

लायब्ररीतला_लिच

विमावाल्याने प्यादं द्यायला हप्ता लावला! पण कागदावर सगळंच छान दिसतं. खेळून बघितलंय का कोणी?

---

मिरजेचा_मिनोटॉर (धागाकर्ता)

अर्धविराम, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला आणि मग मामेभावाला वाचून दाखवला. त्याचं म्हणणं, 'हे आपल्याला का नाही सुचलं?'

लिचकाका, खेळून बघतो. गणपतीला सगळे मिरजेलाच जमतोय.

---

मिरजेचा_मिनोटॉर (धागाकर्ता)

बघितलं खेळून. जरा सविस्तर लिहितो.

चार्टपेपरवर 15 बाय 11 षटकोन आखले. हे काम मी भाचीला दिलं आणि बदल्यात तिला पंच केलं. सातवीत आहे, गणित माझ्यापेक्षा बरं. स्टॅकसाठी कागदाच्या चिठ्ठ्या, त्यावर पेन्सिलने संख्या. आणि 'खर्च झालेले' मोजायला चिंचोके. एका फेरीत जितके खर्च झाले तितके चिंचोके चिठ्ठीवर ठेवायचे, फेरी संपली की उचलायचे. मार सगळीकडे सरासरीच धरला, फासे नाहीत. नाहीतर रात्र पुरली नसती. तशीही एका लढाईला पाऊण तास गेला.

पहिली लढाई. मामेभाऊ सवयीने एकटा भालेवाला घेऊन आला. 25 वर्षांची सवय, जाणार कुठे. मी एक चिंचोका ठेवला आणि म्हटलं, 'बाकीचे ताजे आहेत.' त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. पुढच्या लढाईपासून त्याने फोडाफोडी बंद केली. सैन्य लावायला लागणारा वेळ एकदम निम्म्यावर आला, माझी मूळ तक्रार तीच होती.

दुसरी लढाई लिचकाकांसाठी. त्याच्याकडे 300 सांगाडे, माझ्याकडे 5 आर्चएंजेल (देवदूत), 20 क्रुसेडर आणि किरकोळ मंडळी. हिरो दोघांनाही नाही. मला आधी भीती होती की एवढ्या मोठ्या ढिगाचे फटके कधी संपणारच नाहीत. एका भालेवाल्याला मारायला 5 सांगाडे लागतात, मग 300 खर्च कधी व्हायचे?

आणि इथे गंमत झाली. भाची म्हणाली, 'मग आधी मोठ्यालाच पाठव ना.' आर्चएंजेल गेले. 95 सांगाडे पडले, 205 उरले. त्यांनी उलटा फटका दिला: सांगाड्याचा हल्ला 5, आर्चएंजेलचा बचाव 30, त्यामुळे मार साडेबासष्ट टक्क्यांनी कमी. 154 च्या आसपास. एका आर्चएंजेलचा जीव 250. एकही मेला नाही, आणि कोणी मेलंच नाही म्हणून 205 च्या 205 सांगाडे खर्च. त्यानंतर क्रुसेडर मोकळे.

म्हणजे जुन्या नियमात सगळ्यात फालतू माणूस आधी जातो आणि मागून सरदार येतात. या नियमात सरदार आधी जातो, अंगावर झेलतो, आणि त्याच्या आडून बाकीचे लढतात. आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प बसलो. आकडे बाजूला ठेवले तरी मैदान बघायला वेगळंच वाटत होतं. लढाई लढाईसारखी दिसत होती.

तिसऱ्या लढाईत भोक सापडलं. माझ्याकडे रॉयल ग्रिफिन. ते कधीच दमत नाहीत, म्हणजे त्यांच्यावर चिंचोके ठेवायचेच नाहीत. जुन्या नियमात हा छान गुण होता. या नियमात प्रत्येकाचाच ढीग थोडाफार ताजा राहतो, त्यामुळे ग्रिफिनचं वेगळेपण फिकं पडलं. उलट नागा आणि व्हँपायर लॉर्ड फारच वरचढ झाले, कारण ज्याच्यावर उलटा फटका पडतच नाही त्याची किंमत आता दुप्पट. त्यांना महाग करावं लागेल किंवा संख्या कमी.

दोन आकड्यांचा गोंधळ? चिंचोक्यांमुळे अजिबात झाला नाही. भाचीचं मत, पडद्यावर आकडा न देता स्टॅकमागे भरत जाणारी पट्टी दाखवावी. गोधडीताई, तुमची निसटताना फटका देण्याची कल्पनाही एका फेरीत वापरून बघितली, पण चिंचोके आणि ती दोन्ही मिळून पंचांच्या डोक्याचा भुगा झाला. पुढच्या वेळी वेगळी करून बघू.

---

गोधडी

भाचीला माझा नमस्कार सांगा. पट्टीची कल्पना मस्त आहे. रंग मात्र लाल-हिरवा नको, माझ्या नवऱ्याला त्यातला फरक दिसत नाही.

---

लायब्ररीतला_लिच

205 सांगाडे पाच देवदूतांच्या नादाला लागून दमले. हे वाचायला जगलो का मी.

बरं, मान्य. सरदार पुढे, हे मला पटलं. पण स्लो अजून तसाच आहे. तुमच्या त्या चार्टपेपरवर एकदा मास स्लो (सगळ्यांवर एकदम स्लो) टाका, मग सांगा तुमचे आर्चएंजेल किती पुढे जातात ते.

---

अर्धविराम

काका, 18 चा वेग निम्मा झाला तरी 9 उरतो, ते पोचतीलच. मागे राहतील ते क्रुसेडर. म्हणजे सरदार एकटाच पुढे आणि आधार अर्ध्या मैदानात! नव्या नियमात स्लो उलट जास्त बोचेल. हे करून बघायलाच हवं.

मिनोटॉर, व्हीसीएमआय माहीत आहे का? हिरोज 3 चं इंजिन चाहत्यांनी नव्याने लिहिलंय, कोड सगळ्यांना खुला आहे, सी प्लस प्लसमध्ये. प्राण्यांचे आकडे नुसत्या मॉडने (वरून जोडायच्या फायलींनी) बदलता येतात, पण उलट्या फटक्याची मोजणी बदलायला इंजिनात हात घालावा लागेल. घरात चार महिन्यांचं बाळ आहे, त्यामुळे रात्री दोन ते तीन या वेळेत मी तसाही जागाच असतो. वचन देत नाही, बघतो. तिन्ही लढायांच्या चिठ्ठ्यांचे फोटो टाका, निकाल ताडून बघायला लागतील.

---

मिरजेचा_मिनोटॉर (धागाकर्ता)

चिठ्ठ्यांचे फोटो टाकतो. तिसऱ्या लढाईची एक चिठ्ठी मोदकाच्या ताटाखाली गेली होती, तुपाचा डाग पडलाय, पण आकडा वाचता येतो: 11 नागा, मामेभावाच्या. मास स्लोची लढाई दिवाळीत.